दुसऱ्या जुडीचे बोरू

मसुरे,
भाद्रपद वद्य सप्तमी, शके १८८४

प्रिय गुरुदास,

पाकीट फोडलंस आणि तुझ्या भुवया चढल्या असतील. चढू देत. पत्र माझंच आहे. गेली पंचवीस वर्षं तू माझ्या अक्षराची टिंगल करत आलास. आबांसारख्या शास्त्र्याची लेक, आणि अक्षर बघावं तर कोंबडीनं उकिरडा उकरलेला. आज त्याच मसुऱ्याच्या शिक्क्याच्या पाकिटातून हे असलं वळणदार अक्षर निघालेलं पाहून तू आधी शेवटचं पान उलटून सही शोधली असशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण आता परत इथे ये आणि क्रमानं वाच. सोळा वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवते आहे, आणि अन्वय लावल्याशिवाय अर्थाकडे धावणाऱ्यांचे कान पिळण्याचा मला अधिकार आहे. ओळींवर जागोजागी शाई फासली गेली आहे, तिच्याबद्दल क्षमा कर. ओल्या अक्षरावरून हात जातो. का जातो, तेही क्रमानंच येईल.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. भिकाजी पोस्टमननं ते ओटीवर टेकवलं आणि म्हणाला, “मुंबयसून धोंडो इलोहा.” आठ पानं पत्र, बारा पानं छापील नमुने आणि अकरा प्रश्न. बोटी बंद, एस.टी.च्या टपावरून आलेलं, त्यामुळे कोपरे भिजलेले. पण अक्षरं सगळी शाबूत होती. अकरांतल्या मुख्य प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी बारावी गोष्ट, जी तू शेवटच्या पानाच्या समासात, जाता जाता सांगितल्यासारखी कोंबली आहेस. दसऱ्यापर्यंत अक्षर जमलं नाही तर तुमच्या फाउंड्रीचे शेट आबांच्या पोथीवरून पाडायचा हा छपाईचा टाइप सोडून देणार. मग परदेशी यंत्राच्या कंपनीनं कुठल्या तरी थंड देशात बसून काढलेली देवनागरी आणायची आणि तीच ओतायची. आणि तू घरी बायकोला, मथुरेला, सांगून टाकलंस की कुंचले बांधून माळ्यावर टाक. सात वर्षं एका पोथीवर डोळे घातलेला माणूस हे समासात लिहितो! शाळेत मी याला अर्धा गुण कापते.

पोथी हातात येत नाही, असं तू लिहितोस. जाड रेघ जिथे जाड व्हावी तिथे होत नाही, ‘ळ’ एका अंगावर कलंडतो, सबंध पान दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं दिसतं. फाउंड्रीतले जाणकार म्हणतात मूळ पोथीचं वळणच सदोष आहे. तू म्हणतोस मूळ निर्दोष आहे, दोष तुझ्या हाताचा. मी तुझे नमुने खिडकीशी धरून पाहिले, पोथीची इथल्या देवळातली प्रत शेजारी ठेवून पाहिले. दोष पोथीचा नाही आणि तुझ्या हाताचाही नाही. तो कुणाचा आहे हे मला माहीत आहे आणि म्हणूनच हे पत्र चार दिवस सुरू होऊ शकलं नाही.

आता प्रश्न. तिसऱ्यात तू विचारतोस की प्रत्येक पानावर पाचव्या ओळीची शिरोरेषा मध्यावर किंचित खाली झुकते, ती कुठल्या परंपरेतली. शेटना दिलेल्या टिपणात तर तू लिहून मोकळा झालास की या वळणावर दर्याच्या लाटेचा संस्कार आहे. ते वाचून मी इतकी हसले की शेजारून गंगूकाकी काय झालं म्हणून बघायला आली. अरे, आबांची ती फणसाची फळी आठव, आडवे दोरे ताणलेली. कागद तिच्यावर ठेवायचा, अंगठ्यानं दाबत न्यायचा, दोऱ्यांच्या कोऱ्या खाचा उमटायच्या आणि त्या खाचांना अक्षरं टांगायची. त्यातली पाचवी दोरी उंदरानं कुरतडली होती आणि ढिली झाली होती. दर्याचा संस्कार नव्हे, उंदराचा. ज्यानं ती ताणून बांधायची त्यानं आळस केला. तोही माणूस पुढे येतो आहे. तुझ्या टाइपातून तो झोळ आधी काढ.

चौथ्यात तू तुझ्या वडिलांची अक्षरं मागितली आहेस. त्यासाठी बुधवारी झावळ्यांची सावली धरत तोंडवलीला जाऊन आले. हरिश्चंद्रकाकांनी नाव रंगवलेला एकच मचवा आता उरला आहे, बाबू तारकराचा, माडाखाली पालथा घातलेला. पांढरा सफेता उडाला आहे, पण मुळात नाव कोरून मग रंगवायची काकांची रीत, त्यामुळे बोटाला अजून लागतं. मी कागद लावून कोळशानं घासून ठसा घेत होते. बाबू येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तरीणबाय, होडयेक कागद चिकटयतास ता कित्याक? तिका ताप इलोहा?” नाव ‘ज्ञानलक्ष्मी’. बाबूच्या बापानं आबांकडे नाव मागितलं, आणि आबांनी दिलं. खलाशांनी ते दुसऱ्या दिवशी ‘ग्यानू’ करून टाकलं, आणि ग्यानू म्हणूनच तिनं तीस वर्षं मासळी आणली. तुझी हौसाआत्या तिथेच टोपली उतरवून बसली होती. थकली आहे, पण जीभ शाबूत. मी म्हटलं, आत्या, हे काय लिहिलंय सांगशील का? म्हणाली, “माका वाचूक खंय येता? पण हरयाचा अक्षर मी लांबसून वळाखतंय.” वाचता येत नाही आणि अक्षर ओळखता येतं, याचा मला परतीच्या होडीत सारखा विचार येत राहिला. तू आणि मी दोघंही वाचणारी. तू तर त्यातला तज्ज्ञ. असो. ठसा सोबत घातला आहे, घडी जपून उलगड.

सहाव्यात विचारतोस, आबा बोरू कसा छाटून घेत. हे तू मला विचारावंस! पण विचारतो आहेस तर सांगते. तुला सगळं आठवतं, फक्त एक गोष्ट तू कधी जोडून पाहिली नाहीस.

मी सोळा वर्षांची, तू अठरा. भरतीच्या पाण्याबरोबर तोंडवलीहून खाडीनं वर यायचास, होडीत बोरूंचा भारा आणि कमरेला सुरी. ती सुरी मासे कापायची. देवीच्या माहात्म्याची पोथी ज्या बोरूनं उतरायची तो माशांच्या सुरीनं छाटलेला! आबा तिच्यावर तुळशीचं पाणी शिंपडत आणि तेवढा वेळ माडाकडे बघत. तू अंगणातल्या खळ्यात बसायचास, पायरीच्या वर येत नसस, आणि आम्ही ये म्हणत नसू. त्या काळची रीत म्हणायचं आणि पुढे जायचं. पण पुढे जाताना मान खाली जाते, एवढं तुला सांगून ठेवते. तू दोन जुड्या छाटायचास. पहिली जशी सगळीकडे छाटतात तशी, आणि दुसरी उलट्या तिरक्या तोंडाची. एकदा तू विचारलंसही, “शास्त्रीबुवानू, ही उलटी छाट कित्याक?” आबा म्हणाले की आलटून पालटून लिहिलं की बोटं आखडत नाहीत. तुला ते पटलं. गेली अठ्ठावीस वर्षं पटत आलं आहे. आज मुंबईत बसून तू पोथीचं वळण पकडायला बोरू छाटतोस, आणि शंभर छाटतोस, तर शंभरही पहिल्या जुडीचे.

आबा त्या दिवसांत मधल्या खोलीचं दार लावून बसत, पोथी चालू आहे म्हणून. तुला बाहेर आबांचा आवाज ऐकू यायचा आणि कागदावर बोरूची कुरकुर. तुझं काम संपलेलं असायचं, ओहोटी लागायची, तरी तू उठत नसस. एकदा तू माझ्या आईला म्हणालास, “शास्त्रीबुवांचो बोरू गाता.” आई हसली. दाराआड मीही ते ऐकलं.

हे लिहिलं, आता मागे फिरता येत नाही.

आबांच्या उजव्या हाताला कंप सुटला तो मी पंधरा वर्षांची असताना. देवळानं माहात्म्याच्या दोन प्रती सांगितल्या होत्या, एक देवळात आणि एक आमच्या घरी. तिसऱ्याच पानावर चूक झाकायला हरताळ फासण्याची वेळ आली, आणि पाचव्या पानावर अक्षरापेक्षा हरताळ जास्त. आबा पान बाजूला ठेवत, नवं घेत, तेही बाजूला ठेवत. मी जन्माची डावरी. जेवताना आईनं माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या दशीनं पाठीशी बांधावा, पाटीवर उजव्यानंच गिरवून घ्यावं, हे घरात रोजचं. त्या उजव्या अक्षराची फळं तू पंचवीस वर्षं टपालानं खातो आहेस. पण कुणी नसलं की मी मागच्या पडवीत डाव्या हातानं लिहीत असे. कशासाठी? कशासाठीच नाही. तो हात बांधून ठेवलेल्या वासरासारखा होता, सोडला की धावायचा. एका दुपारी मी आबांनी टाकलेल्या पानामागे त्यांचीच ओळ उतरवत होते आणि मान वर केली तर दारात आबा. मला वाटलं आता पाठीत धपाटा. त्यांनी पान उचललं, उजेडाला नेलं, बराच वेळ पाहिलं. मग खाली ठेवून म्हणाले, पुन्हा लिही, मी बघतो. मी लिहिलं. माझ्या हातात बोरू उलटा पडत होता, त्याचं तोंड माझ्या बाजूला नव्हतं. दुसऱ्या भरतीला तू आलास तेव्हा आबांनी तुला पहिल्यांदा उलटी छाट सांगितली.

तर देवळात पूजेत असलेली आणि तुझ्यापाशी सात वर्षं असलेली, अशा दोन्ही पोथ्या मी लिहिल्या आहेत. आबा आत बसून मोठ्यानं सांगत आणि मी लिहीत असे. शेवटी ‘लिखितं रामचंद्रेण’ एवढं मात्र त्यांनी स्वतः लिहिलं. त्या ओळीत काटा आल्यासारखी अक्षरं आहेत, तू त्यांना ‘समाप्तीचा भावावेग’ म्हटलं आहेस. तो कंप होता. मुलीनं, आणि डाव्या हातानं, देवीचं माहात्म्य उतरवलं हे कळलं असतं तर पोथी गंगेत नाही तरी गड नदीत नक्की गेली असती. आबांनी सही करून बोरू ठेवला आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, “हात तुझो, नाव माझा. ह्याचा पाप माका लागतला, तुका नाय.” आणि माझ्याकडून वचन घेतलं की हे दार ओलांडून जाणार नाही. मी दिलं. तेव्हा ते देणं मला फार मोठं वाटलं नाही. नाव कुणाला हवं होतं? मला हात मोकळा मिळाला होता.

आता नमुन्यांसोबतचं तुझं माहितीपत्रक पुन्हा काढ. त्यात तू लिहितोस की शास्त्रीबुवांच्या ‘क’मध्ये एक संयत पौरुष आहे आणि त्यांचा ‘ळ’ म्हणजे कर्मठ गृहस्थाचा शांत करारीपणा. गुरुदास, त्या ‘ळ’च्या वेळी कर्मठ गृहस्थ परकर नेसून बसला होता आणि त्याच्या ओच्यात चिंचा होत्या. दोरी ताणायचा आळसही त्याचाच.

मग तुझं जिथे अडतं ते. मी शिरोरेषा उजवीकडून डावीकडे ओढते. शाईचा जो ठिपका तुला रेघेच्या उजव्या टोकाला दिसतो, त्याला तू शेवट समजलास. ती सुरुवात आहे. सात वर्षं तू माझी प्रत्येक रेघ उलट्या दिशेनं चालत आलास. मग ‘ळ’ कलंडेल नाही तर काय करेल! उभा दंड मी तुझ्यासारखा ओढत नाही, ढकलते. म्हणून तो वरून बारीक निघतो आणि खाली भरतो. दुसऱ्या जुडीसारखा बोरू छाट, डाव्या हातात धर, पहिल्या दिवशी वेडावाकडा येईल, येऊ दे. चौथ्या दिवशी तुझ्या हाताला कळेल. तुझा हात शहाणा आहे.

आणि नववा प्रश्न. पान चौदा, ओळ सहावी, तिथे हरताळाखाली काय चुकलं आहे, तू भिंग लावूनही वाचता आलं नाही म्हणतोस. तिथे चूक अशी काही नाही, नुसता शाईचा ओघळ आहे. बाहेर खळ्यात कुणीतरी म्हणालं होतं की बोरू गातो.

पुढचं तुला माहीत आहे. एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं, मी नांदगावला गेले. आबांनी लोकांना सांगितलं की डोळे गेले, आता पोथी नाही. तू त्याच वर्षी बोटीत बसून मुंबईला गेलास, दुकानांच्या पाट्या रंगवू लागलास आणि पाट्यांवरून फाउंड्रीत आलास. योगायोग म्हणून आपण दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं आणि ते बरं झालं. चार वर्षांत मी परत मसुऱ्याला आले, पांढऱ्या कपाळानं. उजव्या हातानं परीक्षा दिल्या, उजव्या हातानं फळ्यावर लिहिते. मथुरेसारखी बायको तुला मिळाली, तिनं तुला सात वर्षं एका पोथीसोबत सांभाळलं, तेव्हा हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. लपवायचं त्यात आता काही उरलेलं नाही.

वचनाचं काय, हे तू विचारशील. चार दिवस मीही तेच विचारत होते. सांगितलं नाही तर आबांचं नाव टाइपाला लागणार होतं, पण टाइपच होणार नाही. सांगितलं तर टाइप होईल, आणि आबा त्यांच्या लेकीच्या तोंडून खोटे ठरतील. परवा आबांची तिथी झाली. मला मुलगी म्हणून पिंड देता येत नाही. चुलतभाऊ परशुराम देतो, देवळाची पूजाही त्याच्याकडे, आणि पोथीही. मी वाढत होते आणि तो जानवं अपसव्य करून बसला होता. पञ्चाङ्ग मी पण वाचते. ‘पितॄणां कार्यम्’ म्हटलं की सगळं उलट, उजव्याचं डावं, हे मलाच पाठ आहे. मग वर्षातून एक पंधरवडा असा असताना माझ्या डाव्या हातानं एवढं संकोचून का बसावं? जेवणं झाल्यावर मी परशुरामाला सगळं सांगून टाकलं. त्याच्या ताब्यातली पोथी, त्याला आधी कळायला हवं. तो पाटावर बसून ऐकत होता, मध्येच दातात काडी घातली, माझ्याकडे बघेना. मला वाटलं आता उठेल आणि ओरडेल. शेवटी म्हणाला, “वाचताना माका खंय अडूक नाय. बाकी मी काय आयकूक नाय.” आणि चूळ भरायला गेला. एवढाच त्याचा निवाडा. शास्त्रार्थ म्हणून मला तो अपुरा वाटतो, पण कालपासून घास नीट उतरतो आहे.

आज दुपारी मी फळी काढली, पाचवी दोरी ताणून बांधली आणि कागद दाबून घेतला. काजळाची शाई केली, थोडी दाट झाली आहे. तू म्हणतोस पोथीत ‘ङ’ एकदाच आहे आणि तोही वाळवीनं खाल्लेला, ‘ञ’ नाहीच, ‘झ’, ‘ठ’, ‘ढ’ दाटीत दबलेले, आणि दीर्घ ॠ तुला कल्पनेनं काढावा लागला. म्हणून मी हे पत्र असं लांबवलं. ‘झ’ तोंडवलीच्या झावळ्यांत आहे, ‘ठ’ काकांच्या ठशात, ‘ढ’ ढिल्या दोरीत, ङ, ञ आणि ॠ आबांच्या तिथीत. पाकिटातल्या कोऱ्या दिसणाऱ्या पानाच्या मागे उरलेली जोडाक्षरं सुटी काढली आहेत. शाई फासलेली जागा सोडून घे. डावऱ्याचा हात स्वतःच्याच ओळीवरून जातो, त्याला इलाज नाही. दसऱ्याला अठरा दिवस आहेत. शेटना सांग की मूळ सदोष नाही, लिहिणारी जिवंत आहे, शंका असेल तर मसुऱ्याला पत्र घालावं, ती डाव्या हातानं उत्तर देईल. टाइपाला नाव आबांचंच ठेव. सही त्यांची आहे, आणि पापही त्यांनी मागून घेतलं होतं. तेवढं व्याज त्यांना मिळू दे. मला दुसरंच हवं आहे. पहिला ‘ळ’ ओतून निघाला की तो शिशाचा खिळाच मला टपालानं पाठव, छापलेला कागद नको. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, असं तू मागे म्हणाला होतास. मला ते सरळच वाटेल.

एक राहिलं. लग्नाच्या आठवड्यात तू शेवटची दुसरी जुडी देऊन गेलास. बारा बोरू, त्यातला एकही मी दौतीत बुडवला नाही. बुडवला की झिजतो, झिजला की नवी छाट करावी लागते, आणि छाटणारा बोटीत बसलेला. ती जुडी पेटीच्या तळाशी नांदगावला आली आणि परतही आली. अकरा किडीनं खाल्ले. एक धड राहिला, त्याचं तोंड अजून तू केलंस तसंच तिरकं आहे. हे सबंध पत्र त्यानं लिहिलं, आणि गुरुदास, अजून तो गातो. आजवर तुला उजव्या हातानं दरवेळी शेवटी ‘आपली स्नेहांकित’ लिहीत आले. डाव्या हाताला ते कुणी शिकवलेलं नाही.

तुझीच,
नर्मदा